डाव्या हाताचं पुस्तक

एक करून बघा. पेन डाव्या हातात धरा (डावखुरे असाल तर उजव्या) आणि दोन ओळी लिहा. मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या लिहिल्या, तर माझंच नाव मला वाचता येईना. आता वय एकसष्ट, उजवं अंग लुळं, आणि अशा हाताने अख्खं पुस्तक लिहायचं! आपल्या कॉटन मार्केटच्या भाजीबाजाराला ज्यांचं नाव आहे, त्या जोतीराव फुल्यांनी हे केलंय.

फुले म्हटलं की १८४८ ची पुण्यातली मुलींची शाळा आठवते, सावित्रीबाई आठवतात. एमपीएससीवाल्यांना सत्यशोधक समाजाची २४ सप्टेंबर १८७३ ही तारीखही पाठ असते. शेवटची सव्वादोन वर्षं मात्र आपण एका ओळीत उरकतो.

या माणसाचं हत्यार म्हणजे भाषा. नाटक लिहिलं, शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला, १८७३ मध्ये 'गुलामगिरी', १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'. भाषाही कशी, तर शेतकऱ्याला समजेल अशी रोखठोक. ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं. आणि दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, पक्षाघाताचा झटका आला. आपल्याकडे म्हणतात तसं, लकवा मारला. उजवा हात गेला.

खरी भीती हाताच्या पुढची होती. शरीराची उजवी बाजू हलवतो मेंदूचा डावा अर्धा भाग. आणि बहुतेक माणसांचं भाषेचं कामकाजही त्याच डाव्या भागात चालतं. दोन्ही जागा शेजारी शेजारी, बऱ्याच अंशी एकाच रक्तवाहिनीवर पोसलेल्या. म्हणून उजवं अंग गेलं की कित्येकदा बोलणंही जातं. त्याला वाचाघात म्हणतात. जीभ, घसा ठीक असतात, पण शब्द सापडत नाहीत.

पॅरिसमध्ये लबोर्न नावाचा असाच एक रुग्ण होता. त्याचीही उजवी बाजू लुळी. काहीही विचारा, तोंडून एकच अक्षर निघायचं, 'तान'. समोरच्याचं बोलणं मात्र त्याला बरंच समजायचं. १८६१ मध्ये तो वारला, तेव्हा डॉ. पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला, पुढच्या भागात बिघाड दाखवला. तेव्हा जोतीराव पुण्यात चौतीस वर्षांचे होते. पुढे १८७४ मध्ये वेर्निके यांनी मागची एक जागा सांगितली. तिथे इजा झाली तर माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही कळत नाही.

आमच्या नात्यातल्या एका आजोबांना वाचाघात झाला होता. प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणायचे. घरच्यांना वाटलं, यांना आता काही कळत नाही, म्हणून त्यांच्यासमोरच त्यांच्या जमिनीच्या वाटणीची चर्चा चालायची. एक दिवस ते रडायला लागले, तेव्हा सगळे गप्प झाले.

जोतीरावांच्या डोक्यात नेमकी कुठे इजा झाली, ते बघायची तेव्हा सोयच नव्हती. साधे क्ष-किरणही १८९५ चे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले, सावित्रीबाईंनी सेवा केली. हात काही पूर्ववत झाला नाही. पण भाषा शाबूत होती, हे त्यांनी पुढे जे लिहिलं त्यावरूनच दिसतं.

कारण शब्द हातात नसतातच. हात फक्त कारकून. डाव्या हाताने लिहायचं, तर मेंदूच्या डाव्या भागात जुळलेलं वाक्य आधी उजव्या भागाकडे जावं लागतं, कारण डावा हात त्याच्या ताब्यात. मधे सुमारे वीस कोटी तंतूंचा पूल आहे, त्यावरून. तो पूल तुटलेल्या लोकांना डाव्या हाताने धड लिहिता येत नाही, असं पुढे दिसून आलं. सीताबर्डीचा मेन रोड जाम असला की आपण गल्लीतून गाडी काढतो ना, तसाच हा वळसा. फक्त गल्ली नवी आणि ड्रायव्हर एकसष्टाव्या वर्षी शिकाऊ.

अशा वळशाने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' १८८९ मध्ये पुरं केलं. तेही कसं? प्रश्नोत्तरांत. एकजण शंका काढतो, दुसरा उत्तर देतो, पुन्हा उलट प्रश्न. स्त्री आणि पुरुष, धर्म, जात, निर्मिक. मधे छंदात बसवलेले अखंड. म्हणजे शब्द, व्याकरण, युक्तिवाद, ताल, सगळं जागेवर पाहिजे. मी ते वाचायला घेतलं तेव्हा आजारी माणसाचं पुस्तक वाचतेय असं एकदाही वाटलं नाही.

घरात पैशाची ओढाताण होती. एकेकाळी बांधकामाची कंत्राटं घेणारा माणूस, कमाई समाजाच्या कामात गेलेली. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी शब्द टाकला. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. पुस्तक छापलेलं त्यांनी पाहिलं नाही. ते १८९१ मध्ये दत्तक मुलगा यशवंत याने प्रसिद्ध केलं.