समाजशास्त्रज्ञ एमिल डरखाइम

डरखाइम यांचा जन्म १८५८ साली फ्रान्समधील एपिनाल येथे एका रब्बीच्या घरी झाला. आत्महत्या हा केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे. माणसाला समाजाशी बांधणारे धागे सैल झाले की ती वाढते, हे त्यांनी १८९७ च्या ग्रंथात युरोपातील आकडेवारीने दाखविले. १९१५ साली महायुद्धात मुलगा आंद्रे गेला. त्या दुःखातून ते सावरले नाहीत. १९१७ साली निवर्तले. पुढे १९६० साली व्हिएन्नात आत्महत्या-प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. २००३ पासून १० सप्टेंबर हा प्रतिबंध दिन पाळला जातो. घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. एकटे पडणे मला ठाऊक आहे. म्हणून वाटते, शेजारच्या बाकावरील अबोल मित्राची विचारपूस हेही प्रतिबंधाचेच काम होय.