शहरांचा वैद्य

स्कॉटलंडमध्ये पर्थ नावाचे एक जुने शहर आहे. त्या शहराबाहेरच्या टेकडीवर एका निवृत्त सैनिकाचे लहानसे घर होते. घराभोवती बाग, मागे रान आणि खाली नदीकाठी पसरलेले सारे शहर. या घरातील धाकटा मुलगा पॅट्रिक बागेत वडिलांच्या हाताखाली राबे, रानात भटके आणि शहराकडे पाहत बसे. डोंगर, नदी, शेत आणि शहर ही एकमेकांच्या आधाराने जगतात, ही गोष्ट त्याला पुस्तकांपूर्वी या टेकडीनेच शिकविली. पॅट्रिक गेडिस याचा जन्म इ. स. १८५४ मधील.

मोठेपणी तो लंडनला हक्स्ले या प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञापाशी शिकला. इ. स. १८७९ मध्ये मेक्सिकोत संशोधन करीत असता त्याची दृष्टी एकाएकी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली खरी. परंतु सूक्ष्मदर्शकाखालील काम पूर्वीसारखे होईना. तरुण शास्त्रज्ञावर हा लहान आघात नव्हता. पुढे गेडिस यांनी डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले. पण त्यांचे लक्ष आता माणसांच्या वस्तीकडे वळले होते.

त्या काळी गिरण्या व कारखाने वाढत होते आणि पोटासाठी माणसे शहरांत लोटत होती. एडिंबरोतील श्रीमंत लोक नव्या, हवेशीर भागात राहावयास गेले आणि त्यांच्या जुन्या उंच वाड्यांत गरिबांची दाटी झाली. एकेका खोलीत एकेक कुटुंब! घाण, काळोख आणि आजार यांचे तेथे राज्य होते. इ. स. १८८६ मध्ये गेडिस यांचा विवाह झाला आणि थोड्याच दिवसांत हे सुशिक्षित दांपत्य त्याच वस्तीत बिऱ्हाड करून राहिले. त्यांनी झाडू हाती घेतला, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. शेजारी प्रथम नुसते पाहत राहिले. मग एकेकजण मदतीस आला.

इ. स. १९१४ मध्ये ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानास निघाले. प्रदर्शनाचे नकाशे व चित्रे ज्या जहाजात होती, ते जहाज महायुद्धात एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली! मित्रांनी घाईने दुसरा संग्रह जमविला आणि इ. स. १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरले.

येथील नगरपालिका दाट वस्तीवर एकच औषध जाणत: घरे पाडून सरळ रुंद रस्ता काढावयाचा. गेडिस स्वतः गल्लीबोळांतून तासन्‌तास पायी हिंडत. त्यांचा हिशेब निराळा होता. घरे पाडली म्हणजे माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या वस्तीत शिरतात आणि तेथील गर्दी दुप्पट होते. शिवाय रस्त्यासाठी पैसा जातो तो वेगळाच, आणि घराबरोबर कारागिराचे दुकानही जाते. म्हणून कुशल शस्त्रवैद्याप्रमाणे एखादेच पडके घर काढावे, तेथे हवा, उजेड आणि झाडे येऊ द्यावीत, पडीक विहीर साफ करावी, असे ते सुचवीत. हा उपाय स्वस्त होता. पण त्यात मिरविण्याजोगे काही नव्हते, आणि कदाचित म्हणूनच तो अधिकाऱ्यांना फारसा रुचला नाही.

इ. स. १९१७ मध्ये त्यांचा थोरला मुलगा युद्धात पडला. पत्नी तापाने अंथरुणावर होती. तिला ही वार्ता त्यांनी कळू दिली नाही. त्याच वर्षी तीही गेली. गेडिस यांनी काम सोडले नाही.

त्याच सुमारास होळकरांच्या इंदुरास प्लेगने ग्रासले होते. नकाशा घेऊन हिंडणारा हा दाढीवाला साहेब घरे पाडावयास आला आहे, असे समजून लोक त्याला भीत. दिवाळी जवळ आली, तेव्हा गेडिस यांनी एका दिवसापुरता राजाचा अधिकार मागितला आणि तो मिळाला. दवंडी पिटली गेली की, मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, ज्या रस्त्यावरील सर्वांत अधिक घरे स्वच्छ व दुरुस्त असतील, त्या रस्त्याने जाईल. मग काय विचारता! घरोघर केर निघाला, भिंती रंगल्या, उंदीर पकडले गेले, कचऱ्याच्या हजारो गाड्या गावाबाहेर गेल्या. मिरवणुकीत हत्ती-घोडे तर होतेच. पण घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीरही होता. त्यांच्यामागून नवी वस्त्रे ल्यालेले झाडूवाले, फुलांनी सजविलेले झाडू घेऊन, मानाने चालत होते. इंदूर नगरीची देवीही रथात बसली होती. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली, आणि शेवटी राक्षस व उंदीर यांचे दहन झाले. प्लेगचा जोर ओसरला. त्यात ऋतूचाही वाटा असेल. पण त्या दिवसापासून साहेबाची भीती गेली.

इ. स. १९१८ मध्ये गेडिस यांनी इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत सादर केला. शहरातील मैला नदीत न लोटता बागा व मळे यांच्या मातीस मिळावा, हा त्यातील एक विचार. पुढील वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांची गुणवत्ता हेरून त्यांस विलायतेस पाठविण्यात गेडिस यांचा हात होता. इ. स. १९२४ मध्ये प्रकृती खालावल्याने त्यांनी मुंबई सोडली आणि फ्रान्समधील मॉंपेल्ये येथे, पुन्हा एका टेकडीवर, बाग लावून विद्यार्थ्यांसाठी निवास उभारला. तेथेच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचा अंत झाला. हिंदुस्थानातील अनेक शहरांसाठी त्यांनी लिहिलेल्या अहवालांपैकी बहुतेक कागदावरच राहिले. एडिंबरोच्या किल्ल्याजवळ त्यांनी उभारलेल्या घरांत मात्र माणसे आजही राहत आहेत.