पंडिता रमाबाई : चित्र कोणते रंगवावे?

वारासिवनी हे बालाघाट जिल्ह्यातील हातमागाच्या साड्यांचे गाव. अशा गावच्या तरुण संघाने न्यायासाठी झटलेल्या माणसांची चित्रे रंगवून शाळेत किंवा उपासनामंदिराच्या दिवाणखान्यात लावण्याचे मनात आणले, तर जोतीराव व सावित्रीबाई फुले, बाबासाहेब आंबेडकर ही नावे आपोआप पुढे येतील. त्याच रांगेत पंडिता रमाबाईंची तसबीर असावी, असे आम्हांला वाटते. परंतु चित्रकाराने हाती कुंचला घेतला की पहिलाच प्रश्न उभा राहील : कोणत्या रमाबाई रंगवाव्यात?

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे फिरले. पुढे दुष्काळ आला. १८७४ साली आईवडील अन्नावाचून गेले, थोरली बहीणही गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

चित्रकाराला ही सभेत उभी असलेली तेजस्वी तरुणी मोह घालील. परंतु सन्मान मिळाला म्हणून दुःख थांबले नाही. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात न पाहता, विवाह केला. १८८२ च्या आरंभी पतीही गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची गरज मांडली.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्वदेशात टीकेचे वादळ उठले. अशा वेळी जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, ही गोष्ट आपण विसरू नये. पण नवा धर्म स्वीकारला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये असे काही बिशपांचे मत पडले, तेव्हा त्यांनी त्यास स्पष्ट विरोध केला. आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांनी ही बाजूही लक्षात घ्यावी.

अमेरिकेत व्याख्याने देऊन व पुस्तक लिहून त्यांनी साहाय्य गोळा केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. त्यांची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिनेच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच वर्षी पुण्यात धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला व पुष्कळ मुली घरच्यांनी काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत.

आता आपल्या भागाशी नाते सांगणारा प्रसंग. १८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बालाघाट तेव्हा याच प्रांताचा जिल्हा होता. स्वतः उपासमार भोगलेल्या रमाबाईंना घरी बसवेना. त्या मध्यप्रांतात गेल्या. निराधार मुली व विधवा दुष्ट लोकांच्या हाती पडत असलेल्या त्यांनी पाहिल्या, आणि सुमारे ३०० जणींना त्यांनी आश्रय दिला. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतात झोपड्या व तंबू उभे राहिले. हेच मुक्ती सदन. १८९७ साली प्लेगच्या छावणीत स्त्रियांशी होणाऱ्या वर्तनाविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून सरकारला जाब विचारला, आणि तो प्रश्न थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेला.

मुक्तीत मुली शेती, विणकाम व छपाई शिकल्या. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल लिपीने वाचावयास शिकविले. रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. नवा करार १९१३ साली निघाला. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ साली छापून पूर्ण झाले.

भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या मुखचित्राचे टपाल तिकीट काढले. सन्मान योग्यच. परंतु चित्राला एक धोका असतो. हार घातला, मेणबत्ती लावली, की आपले कर्तव्य संपले असे आपल्याला वाटू लागते. जिवंतपणी त्रास देणारी माणसे मेल्यावर चौकटीत बसविणे सोपे असते.

म्हणून वारासिवनीच्या किंवा कोणत्याही गावच्या तरुणांना आमची एक सूचना आहे. पदव्या मिळविणारी पंडिता रंगवू नका. पांढरे साधे लुगडे नेसलेल्या, केस आखूड कापलेल्या, कानांनी अधू झालेल्या वृद्ध रमाबाई रंगवा, आणि त्यांच्या शेजारी दुष्काळातून आलेली एक मुलगी उभी करा. मागे हातमाग असू द्या. तो तुमच्या गावच्या डोळ्यांना ओळखीचा आहे. चित्र लावण्याच्या दिवशी आपल्या वस्तीत शाळा सुटलेली, सासरहून हाकलून दिलेली, किंवा नवरा गेल्यावर कोपऱ्यात बसविलेली एखादी बाई शोधा. तिच्या फीचा, पुस्तकांचा किंवा वकिलाचा भार मंडळीने उचलावा. उपाशी व उघड्याला जे दिले ते आपल्याला दिले असे मानणाऱ्या प्रभूच्या मंडळीला हे जड नसावे. तेवढे झाले, तर भिंतीवरच्या रमाबाईंना तेथे राहणे मानवेल.