कोनशिला औषध देत नाही

पुरुष डॉक्टर चालत नाही म्हणून एकाच रात्री तीन स्त्रिया बाळंतपणात दगावल्या. त्या आघातातून मिशनरी घराण्यातील आयडा स्कडर डॉक्टर झाल्या. न्यूयॉर्कच्या एका बँकरने पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या १०,००० डॉलरांतून १९०२ मध्ये वेल्लोरला ४० खाटांचे रुग्णालय उभे राहिले. परंतु देणगीतून इमारत होते. परिचारिका व डॉक्टर कोठून आणणार? म्हणून स्कडरबाईंनी १९०९ मध्ये परिचारिकांचे, तर १९१८ मध्ये स्त्रियांचे वैद्यकीय शिक्षण सुरू केले. खेडुतांसाठी रस्त्याकडेला दवाखाने भरविले. १९६० मध्ये त्या निवर्तल्या. संस्था मात्र वाढतच राहिली. अनुदान देणाऱ्या शासनाने आणि धनिकांनी यावरून एवढा बोध घ्यावा की, भिंतींइतकाच पैसा माणसे घडविण्यासाठी नेमाने दिला पाहिजे.