मलबार हिलचा खून, इंदूरची गादी आणि तुकोजीराव होळकर

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईत मलबार हिलवर एका मोटारीला मागून दुसऱ्या मोटारीने धडक दिली. पुढच्या गाडीत श्रीमंत व्यापारी अब्दुल कादर बावला होता आणि शेजारी मुमताज बेगम. मागच्या गाडीतून उतरलेल्यांनी बावलावर गोळ्या झाडल्या, मुमताजच्या तोंडावर चाकूने वार केले आणि तिला ओढून न्यायला लागले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले. एकाने हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपलं, स्वतः गोळी खाल्ली, पण मुमताज वाचली. बावला मात्र दवाखान्यात गेला.

तेव्हा नवी मुंबई नव्हती. पनवेल-उरणचा माणूस मुंबईला होडीने जायचा. पण ही बातमी खाडी ओलांडून सगळीकडे गेली, कारण तपासाचे धागे थेट इंदूरला पोचत होते. मुमताज ही इंदूरच्या महाराजांच्या दरबारातली नर्तकी. अनेक वर्षं राजवाड्यात राहून ती तिथून निसटली होती. आपली नवजात मुलगी तिथे मारली गेली, असं तिने कोर्टात सांगितलं.

महाराज म्हणजे तिसरे तुकोजीराव होळकर, अहिल्यादेवींच्या गादीवर बसलेले. जन्म १८९० चा. वडील शिवाजीराव १९०३ मध्ये पायउतार झाले तेव्हा पोरगं बारा वर्षांचं होतं. पूर्ण अधिकार मिळाले १९११ साली. माणूस नुसता ऐषआरामी नव्हता, हेही सांगायला हवं. इंदूर शहराची आखणी कशी करावी यासाठी त्यांच्या काळात पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं गेलं. गेडिस यांचा १९१८ चा अहवाल आजही अभ्यासला जातो. मुलगा यशवंतराव याचं लग्न १९२४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात झालं. धनगर आणि मराठा घराण्यांची सोयरीक व्हावी, हा शाहू महाराजांचा विचार त्यामागे होता.

खुनाचा खटला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे चालला. आरोपी नऊ. त्यात इंदूरच्या फौजेचे बडे अधिकारी आनंदराव फणसे. त्यांचे वकील होते बॅरिस्टर जीना. तिघांना फाशी सुनावली गेली, त्यातल्या एकाला वेड लागल्याने शेवटी दोघेच फासावर गेले. फणसेंना जन्मठेप झाली. तुकोजीरावांवर खटला कधीच चालला नाही, कुठल्या कोर्टाने त्यांना दोषीही ठरवलं नाही. पण संशय काही सुटेना. पेपरवाल्यांना तर खाद्यच मिळालं.

सिनेमावालेही मागे राहिले नाहीत. त्याच वर्षी मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुलीन कांता' हा मूकपट काढला. आवाज नाही, फक्त चित्रं आणि पडद्यावरच्या पाट्या. पण कथा कोणत्या प्रकरणावरून घेतली, हे प्रेक्षकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सरकारने महाराजांपुढे दोनच वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली आणि सतरा वर्षांचा यशवंतराव राजा झाला. आयोग बसला असता तर काय निघालं असतं, ते कायमचं झाकलेलंच राहिलं. संस्थानात गोळ्या झाडणारे नोकर फाशी गेले आणि मालकाला पेन्शन, असं लोक बोलले असतील तर त्यात नवल नाही.

राजेपण गेलं, पण चर्चा थांबली नाही. युरोपात त्यांची गाठ अमेरिकेच्या सिएटल शहरातल्या नॅन्सी मिलर या तरुणीशी पडली. लग्नाला विरोध झाला, मग नाशिकला शंकराचार्य कुर्तकोटी यांनी तिला हिंदू धर्मात घेतलं, नाव ठेवलं शर्मिष्ठादेवी. धनगर कुटुंबात तिला दत्तक दिलं गेलं आणि मार्च १९२८ मध्ये नर्मदाकाठी बडवाहला लग्न लागलं. ज्या माणसाच्या प्रेमाची गोष्ट रक्ताने माखली होती, त्याचा हा संसार मात्र टिकला. चार मुली झाल्या.

तुकोजीराव १९७८ साली पॅरिसमध्ये वारले. शर्मिष्ठादेवी त्यानंतरही सतरा वर्षं जगल्या.