प्रार्थनेचा संगीतकार

चित्रपटगीताचे आयुष्य अल्प असते, ही समजूत वसंत देसाई यांच्यापुरती तरी खोटी ठरली आहे. १९१२ साली कुडाळ परिसरात जन्मलेले देसाई कोल्हापूरच्या 'प्रभात'मध्ये पडेल ते काम करीत घडले. व्ही. शांताराम यांनी 'राजकमल'ची स्थापना केल्यावर 'शकुंतला'पासून (१९४३) त्यांनी त्या संस्थेस संगीताची साथ दिली. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) असो वा बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईने गाजलेला 'गूंज उठी शहनाई' (१९५९), रागसंगीतावरील त्यांची निष्ठा ढळली नाही. पण त्यांचे खरे स्मारक निराळेच आहे. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतील प्रार्थना पडद्यावरून उतरून शाळांच्या प्रांगणात स्थिरावल्या. शाळकरी मुलांनी एका सुरात गावे, यासाठीही ते झटले. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. मुलांना प्रार्थना मुखोद्गत असते. चाल बांधणाऱ्याचे नाव मात्र त्यांना कोणी सांगत नाही. शिक्षकांनी ते वर्षातून एकदा तरी उच्चारावे. एवढे ऋण फेडण्यास अनुदान लागत नाही.