गावोगाव फिरून बोलायला शिकलेले संत गाडगेबाबा



आधी माझं थोडं सांगतो. मला वर्गात उभं राहून बोलायची लई भीती वाटायची. मागल्या वर्षी मी आई-दादांबरोबर ऊसतोडीला गेलो होतो. चार महिने आम्ही कोपीत राहिलो. परत आलो तेव्हा माझ्या बोलण्यात तिकडले शब्द आले होते. वर्गातली पोरं हसली. तेव्हापासून मी गप्पच बसायचो. यंदा मी आजीपाशी राहिलो. गुरुजींनी मला गाडगेबाबांचे पुस्तक वाचायला दिले. ते मी दोनदा वाचले.

गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव सखुबाई होते. वडील दारूपायी लवकर वारले. मग आई डेबूजीला घेऊन दापुरे या गावी माहेरी गेली. तिथे डेबूजी गुरे राखायचे. मोठे झाल्यावर त्यांनी शेतात खूप राबणूक केली. शाळा मात्र त्यांना मिळाली नाही. त्यांच्या मामावर सावकाराचे कर्ज होते. त्यापायी जमीन सावकाराने घेतली. दारू घरादाराचे काय करते आणि कर्ज काय करते, हे डेबूजींनी लहान वयातच पाहिले.

पुढे त्यांचे लग्न झाले. लेकीच्या बारशाला दारू-मटणाचे जेवण द्यायची तेव्हा रीत होती. डेबूजींनी ते दिले नाही. त्यांनी गोडाचे जेवण दिले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. अंगावर चिंध्यांचे कपडे, एका हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात ते भाकरी खायचे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ते बारा वर्षे पायी गावोगाव फिरले. कुणाचे लाकूड फोडून द्यायचे, कुणाच्या शेतात काम करायचे. भाकरी मिळाली की पुढल्या गावाला जायचे. कुठे मान मिळाला, कुठे शिव्याही मिळाल्या.

मला वाटतं, ही वाटचाल हीच बाबांची शाळा होती. कुठल्या गावात लोक कर्ज काढून बोकड कापतात, कुठे पाणवठ्याजवळ घाण असते, कुठे माणसाला शिवत नाहीत, हे सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. लोक ओट्यावर, शेतात कसे बोलतात तेही ऐकले. म्हणून त्यांचे कीर्तन पोथीतले नव्हते. ते आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलायचे आणि ते सगळ्यांना समजायचे.

गावात आले की बाबा आधी बोलायचे नाहीत. आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचे. लोक बघायला जमायचे. मग रात्री कीर्तन व्हायचे. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे. कर्ज कुणी काढलं, कशापायी काढलं, देवाला खरंच बोकड लागतो का, असे विचारायचे. लोक उत्तर द्यायचे आणि उत्तर देता देता त्यांना आपलीच चूक कळायची. ताट मोडून हातावर भाकरी खा पण पोराला शाळेत घाला, असे ते सगळ्यांना सांगायचे. खेड्यातले अडाणी लोक आणि मुंबईतले शिकलेले लोक, दोघेही त्यांचे कीर्तन ऐकायचे.

लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी ऋणमोचनला नदीवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी काही ठेवले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे वाटेतच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ८० होते. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांचे नाव एवढ्या मोठ्या शाळेला!

पुस्तक वाचून मी विचार केला, मी पण चार गावं पाहिली आहेत. मग लाजायचं कशाला? २३ फेब्रुवारीला बाबांच्या जयंतीला आम्ही आधी मैदान झाडले. नंतर मी बोलायला उभा राहिलो. पाय कापत होते. मी बाबांसारखा आधी प्रश्न विचारला, कुणाकुणाचे आईवडील तोडीला गेलेत? खूप हात वर झाले. जी पोरं हसली होती त्यांच्यातले पण दोन हात होते. मग मी फड, मोळी, कोपी सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

आमच्या दादांना वाचता येत नाही. ताईच्या लग्नात जेवणावळीला पैसे कमी पडले म्हणून त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली. ती अजून फिटली नाही. पाडव्याला ते येतील तेव्हा मी त्यांना या भिंतीपाशी आणीन आणि हे वाचून दाखवीन. मी त्यांना शिकवणार नाही. बाबांसारखं फक्त विचारीन.



इयत्ता चौथी